ओमेगा-थ्रीचा अनुशेष

"उद्या श्रीनिवासरावांची खुर्ची गेलीच म्हणून समज!" सुखदेव मेश्रामांनी पत्नीला, ललिताबाईंना, छातीठोकपणे सांगितलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वारज्यात फ्लॅट घेतल्यापासून त्यांना एकच ध्यास होता: सोसायटीचं अध्यक्षपद! आणि निवडणूक उद्या सकाळी!

एवढ्यात हिंजवडीच्या कंपनीत संगणकापुढे बसून सर्वज्ञ झालेला लेक प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, आपल्या जेवणात सूर्यफूल तेलातलं ओमेगा-सिक्स रग्गड आणि ओमेगा-थ्री जवळपास नाहीच. दोन्हींचा तोल हवा, हृदयाला बरं असतं. रोज चमचाभर जवस खात जा."

"जवस? अरे, भंडाऱ्याला रोज ताटात चटणी असायची! बदली होऊन पुण्यात आलो अन् सुटली. म्हणजे तीस वर्षांचा अनुशेष!"

आता तुम्हाला सांगतो, विदर्भातल्या सरकारी माणसापुढे 'अनुशेष' म्हणू नये. राहिलेलं भरून काढण्याच्या बैठकांतच सुखदेवरावांची नोकरी संपली होती, भरलं मात्र काहीच नव्हतं. हा तरी भरायचाच! वाटीभर जवसाची पूड दह्यात कालवून झाली. भाकरीवर चटणीचा डोंगर झाला. वर गावाहून आलेलं घाण्याचं जवस तेल, फुलपात्रभर, डोळे मिटून!

"अहो, चमचाभर म्हणाला तो!"

"चमच्याने कधी अनुशेष भरतो का?"

सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. श्रीनिवासराव वार्षिक अहवाल वाचू लागले. पाणीटंचाईच्या मुद्द्यावर सुखदेवरावांच्या पोटात असा गडगडाट झाला, की टँकर आला म्हणून दोघेजण फाटकाकडे धावले! सुखदेवराव ताडकन उठले.

"काही आक्षेप?" श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आता थांबणं शक्य नाही!" म्हणत ते जिन्याकडे सुटले.

"बघा, पाण्यासाठी सभात्याग केला!" तळमजल्यावरच्या मालनबाई गहिवरल्या.

ते परतले. टेकले न टेकले तोच लिफ्टचा विषय निघाला आणि ते पुन्हा उठले. "माझी सहनशक्ती संपली!" या वेळी टाळ्या पडल्या.

पुन्हा आले तेव्हा कपाळावर घाम, एक पाय सतत हलता. श्रीनिवासराव खवचटपणे म्हणाले, "घरी दूध उतू जातंय का? बसा की जरा खुर्चीवर."

"खुर्चीचा मोह नाही मला!" सुखदेवराव कळवळून ओरडले आणि पळत सुटले.

झालं! सगळी सभा उठली आणि "मेश्रामसाहेब झिंदाबाद!" करत त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावर. मागून घोषणा ऐकून त्यांनी वेग वाढवला, तसे लोक आणखी जोरात धावले! ललिताबाईंच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिथेच हात वर करून मतदान उरकलं. रिकाम्या पार्किंगमध्ये वाचायचं कुणापुढे, म्हणून श्रीनिवासरावही अहवाल घेऊन वर आले होते.

मालनबाईंनी विजयी उमेदवारासाठी आणलेला हार सावरत संडासाचं दार वाजवलं. "भाऊ, बाहेर या! तुम्ही अध्यक्ष झालात!"

आत फ्लश वाजला. सगळ्यांनी श्वास रोखले. अखेर क्षीण आवाज आला:

"कार्यभार... तूर्त श्रीनिवासरावांकडेच राहू द्या!"

श्रीनिवासरावांनी मालनबाईंच्या हातून हार घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि अहवाल पुढे वाचायला सुरुवात केली.