बटणांच्या डब्यातला बेडूक

कोटाचं एक बटण तुटलं आणि बायकोने नवऱ्याला तसलंच बटण आणायला धाडलं. काम एवढंच. पण हा गृहस्थ पडला जुन्या वस्तूंचा पारखी (हे त्याचं स्वतःचं मत, दुसऱ्या कुणाचं नाही). तो जुन्या सामानाच्या दुकानात शिरला आणि बटणांचा अख्खा डबाच घेऊन आला.

डब्यात त्याच्या कोटाचं बटण सोडून सगळं होतं. तळाशी होता अक्रोडाएवढा, पिवळट, गुबगुबीत बेडूक. पोटाला दोन भोकं.

"जपानी आहे," पारखी कुजबुजला. "हस्तिदंती. पणजोबांच्याही आधीचा."

"बटण आहे," बायको म्हणाली. "भोकं दिसतायत ना?"

"प्लॅस्टिक आहे," सासरे म्हणाले. (हे चार दिवस राहायला आले होते आणि परत जायचं विसरले होते.) "जावईबापू, मागचा तुमचा राजेशाही खंजीर लोण्यात वाकला."

हॉलमधलं काचेचं कपाट पारख्याच्या असल्याच रत्नांनी भरलं होतं. बायकोचा त्यावर लग्नापासून डोळा; तिला तिथे कपबश्या मांडायच्या होत्या. ती म्हणाली, "म्युझियममधल्या बाईंना दाखवा. खरा निघाला तर कपाट जन्मभर तुमचं, मी ब्र काढणार नाही. खोटा निघाला तर आजच रिकामं करायचं."

दुपारी पारख्याने बेडूक रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि कोटाला पिन लावायला आत गेला. शेजारीच सासऱ्यांनी झोपण्यापूर्वी कवळी रुमालात गुंडाळून ठेवली होती. दोन्ही रुमाल एकाच जुन्या चादरीतून कापलेले. बायको काही फुकट घालवत नाही. पारख्याने पुडी उचलली आणि ऐटीत निघाला.

म्युझियमच्या बाईंनी पुडी सोडली. भिंग लावून बघितलं. उलटं करून बघितलं.

"हे हत्तीचे नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "फार जुनेही नाहीत. घरी कुणीतरी शोधत असेल."

तेवढ्यात फोन वाजला. "अहो, बाबा झोपेतून उठले, चाचपडत रुमाल सोडला, आणि तुमचा बेडूक त्यांच्या तोंडात गेला."

"गिळला?"

"नाही. पण शिव्या नीट कळत नाहीयेत."

"घेऊन ये. दोघांनाही."

सासरे आले. आल्या आल्या कवळी बसवली आणि पहिलं वाक्य बोलले, "मेला गार किती! बर्फाचा खडा चोखल्यासारखा."

बाईंनी मान वर केली. "गार लागला? मग प्लॅस्टिक नसावं. ते तोंडात लगेच कोमट होतं."

सासऱ्यांनी जीभ चावली. (आता चावता येत होती.)

बाईंनी बेडूक पुसून भिंगाखाली धरला. बुडाशी जाळीसारख्या तिरप्या रेषा, एकमेकींना छेदत गेलेल्या. "हस्तिदंताची ही खूण. हाडात अशी जाळी नसते." भोकांच्या कडा दोरीने झिजून मऊ झालेल्या. "जुन्या जपानी पोशाखाला खिसे नसत. डबी दोरीला बांधून कमरेला लटकवायची आणि पट्ट्यातून सुटू नये म्हणून वरच्या टोकाला हा. अस्सल आहे. जुना आहे."

पारख्याची छाती अशी फुगली की पिन उघडून त्यालाच टोचली. तरी गडी हसतोय. "बाबा, काय म्हणाल्या बाई? माझ्या कानात दडा बसलाय."

"अस्सल," सासरे पुटपुटले.

"अजून एकदा."

सासऱ्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली.

"आता कपाटात मधोमध ठेवतो," पारखी म्हणाला, "वर झगझगीत दिवा."

"छे, दिव्याच्या उष्णतेने तडकेल," बाई म्हणाल्या. "हात लागू द्या त्याला. वापरात ठेवा."

घरी आल्यावर बायकोने शब्द पाळला. "कपाट तुमचं," ती म्हणाली. मग तिने कपाटाला कुलूप घातलं, किल्लीची दोरी बेडकाच्या दोन भोकांतून ओवली, आणि बेडूक आपल्या कमरेला खोचला. "बाई म्हणाल्याच आहेत, वापरात ठेवा."

तेव्हापासून कपाट पारख्याचंच आहे. आलागेला त्यासमोर उभा केला जातो. फक्त उघडायचं असलं की किल्ली मागावी लागते, आणि ती मिळते कपबश्या विसळून झाल्यावर.

कोटाला अजून पिनच आहे.