मानाची वेल

बाळांनो, एका जंगलात एक सिंह राज्य करायचा आणि त्याला सिंहांखेरीज कुणाचीच भाषा येत नसे. म्हणून त्याने दुभाषे ठेवले होते.

दुभाष्यांनी राजाच्या गुहेतच बसायचं, अशी रीत होती. गुहेचं छत वेलींवर तोललेलं होतं आणि एकेक वेल एकेका दुभाष्याच्या कमरेला बांधलेली असे. तिला मानाची वेल म्हणत. असं का, हे तुम्ही विचारू नका. त्यांनीही कधी विचारलं नाही.

हत्तींचा दुभाषा होता धोंडबाराव गवा. त्याला मधूनच घेरी यायची. तो आडवा झाला की वेलीला हिसका बसे, छत कोसळे, माराने सगळ्यांची तोंडं काळीनिळी पडत आणि दरबार पहिल्यापासून मांडावा लागे. सकाळपासून रांगेत असलेली कोल्हीण पुन्हा रांगेच्या टोकाला जाई.

सोनबा मुंगूस हा मधमाश्यांचा दुभाषा. तो मात्र गुहेबाहेर जांभळाखाली बसायचा आणि निरोप खारीच्या हाती आत धाडायचा. घेरी त्यालाही यायची. पण पडला तर तो एकटाच पडे. खार तोंडावर पाणी मारी आणि हा पुन्हा कामाला लागे. आत कुणाला पत्ताही नसे.

एका पंधरवड्यात छत तीनदा कोसळलं. तिसऱ्यांदा ते सिंहाच्या शेपटीवर पडलं. तेव्हा कुठे राजाला प्रजेची काळजी वाटू लागली.

सोनबाने धीर केला. या नोकरीवरच त्याचं घर चालत होतं, तरी तो गुहेत राजापुढे गेला.

"महाराज, सगळ्यांनाच बाहेर बसवा. आत तुमचे बछडे निजतात."

"तुझा निरोप यायला उशीर होतो," सिंह म्हणाला.

"दोन जांभयांइतका, महाराज."

"म्हणजे महाराजांनी दोन जांभया द्यायच्या?" धोंडबारावांनी विचारलं.

दरबार हळहळला. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष धोंडबाराव, कारण छत पाडण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.

समितीने दोष शोधला. बाहेर बसणाऱ्या सोनबाची वेल रिकामी लोंबकळते, म्हणून छत पडतं. त्याने आत येऊन ती कमरेला बांधावी, नाहीतर चालू लागावं.

"मी आत पडलो, तर बछडे दबतील," सोनबा म्हणाला आणि चालू लागला. बिचाऱ्याचं मला फार वाईट वाटतं.

रिकामी वेलही मग धोंडबारावांनाच बांधली. दुहेरी मान म्हणून.

तात्पर्य: पडायचंच असेल, तर सगळ्यांना घेऊन पडावं. जो एकटा पडून एकटाच उठतो, त्याला काम येतं असं कुणी मानत नाही.