श्रावणी सोमवारचा बांगडा

"अख्खी रत्नागिरी रात्रभर जागी राहील, बघच तू!" असं बायकोला ठणकावून रघू शिवलकरानं काजूच्या कारखान्यातली कारकुनी सोडली. सगुणानं कपाळावर हात मारला. रघूला तो नमस्कार वाटला.

त्यानं लिहिलेल्या रहस्यकादंबरीचं नाव 'कालवणातला काळ'. दोनशे बारा पानं, पाच संशयित, आणि खुनी उघडा पडतो तो थेट शेवटच्या पानावर! कोल्हापूरचा प्रकाशक छापायला राजी होता, पण त्याची एक अट होती. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकवाल्या आप्पांनी "विकतो" म्हणायला हवं. आप्पा म्हणाले, "पहिलं प्रकरण वाचून दाखव. आवडलं तर विकतो."

रघू स्टॉलपुढच्या बाकड्यावर बसला. शेजारी मासे विकून रिकामी टोपली घेऊन बसलेली हफीजाबी, गाडीची वाट बघत. समोरच्या खानावळीची सोनूबाईही पदराला हात पुसत आली. रघूला स्फुरण चढलं. मुंबईच्या नाट्यगृहात पडदा उघडावा तसा त्यानं घसा साफ केला.

"श्रावणी सोमवार. खानावळीत चिटपाखरू नाही. तात्या खोतांनी बांगड्याच्या कालवणाचा पहिला घास घेतला, आणि..."

"थांब!" सोनूबाई ओरडली. "सोमवारी? श्रावणात? बांगडा?"

"म्हणूनच तर खानावळ रिकामी! साक्षीदार नको म्हणून..."

"मेला काय तो?"

"मेला."

"बरं झालं! ह्यात खून कसला? देवानं मारलान त्याला!"

"अहो, विष घातलंय कालवणात!"

"विष कशाला वाया घालवलान? नुसत्या बांगड्यानं काम झालं असतं."

रघूच्या अंगाची लाही झाली. या गावाला खून चालतो, सोमवारी बांगडा चालत नाही! माणूस तोंडाला फेस येऊन पडलाय आणि हे वार मोजतायत!

तेवढ्यात हफीजाबी म्हणाली, "रघूभाऊ, नारळी पौर्णिमा झाली होती काय?"

"नव्हती. का?"

"मग ताजा बांगडा आणला कुठनं? पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, होड्या सगळ्या किनाऱ्यावर, माडाच्या झापांखाली."

"खाडीतला असेल!"

"बांगडा खाडीत? दर्यातला मासा तो!" हफीजाबी इतकी हसली की टोपली घरंगळत चिपळूणच्या गाडीखाली गेली. कंडक्टरनं ती काढून दिली आणि हसायचं कारण विचारून घेतलं. मग तोही थांबला. गाडी भरली होती, पण थांबली!

"सुका बांगडा!" रघू किंचाळला. "सुका करतो! नाहीतर वार बदलतो! मंगळवारी मारतो!"

"मंगळवारी गणपती," आप्पा म्हणाले.

"गुरुवारी!"

"दत्ताचा वार," कंडक्टर म्हणाला.

"शनिवारी!"

"मारुती," खिडकीतून एक प्रवासी म्हणाला.

"बुधवारी मारतो मग!"

"मार की," सोनूबाई म्हणाली. "पण बुध, शुक्र, रविवारी खानावळीत पाय ठेवायला जागा नसते. विष घालताना पन्नास जणं बघतील."

रघूनं हस्तलिखित बाकावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "या गावात माणसाला मासे खाऊन मरायला एक वार मोकळा नाही! अहो, दोन वर्षं घातलीयत मी! खुनी कोण, एवढं तरी विचारा कुणीतरी!"

सोनूबाईला दया आली.

"विचारायचं काय त्यात? घरात कोण कोण आहे खोताच्या?"

"बायको, भाऊ, गडी, स्वयंपाकी आणि भाचा."

"मग भाचा."

"क-कशावरून?"

"श्रावणात चोरून खाणारा बायकोला सांगेल? भावाला? गडी-स्वयंपाकी तर गावभर करतील. खानावळीत चोरून बांगडा आणून द्यायला भाचाच लागतो. आमच्या ह्यांचापण भाचाच आणायचा मेला!"

रघूचा चेहरा आमसुलासारखा सुकला. दोनशे बारावं पान तिसऱ्या ओळीलाच फुटलं होतं! आप्पांनी कागद गोळा करून त्याच्या मांडीवर ठेवले. "रघ्या, आता हे कोण विकत घेणार? हा कंडक्टर चिपळूणपर्यंत सांगत जाईल."

दुसऱ्या दिवशी रघू मान खाली घालून काजूच्या कारखान्यात गेला. शेटनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. रघूला वाटलं, आता हाकलतील.

"ये उद्यापासून," शेट म्हणाले. मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "पण काय रे, भाच्यानंच मारलान ना?"