सहा बुडवले, चार पिळले

"वेषांतरात माझा हात धरणारा कुणी नाही," असं आमचे भावोजी सांगतात. त्यांना स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बहिणीचा नवरा पडला, म्हणून मी त्यांचा मदतनीस. आजवर नऊ वेषांतरं झाली, नऊही वेळा समोर आलेल्या पहिल्याच माणसानं विचारलं, "काय गुप्तहेर, आज मिशी उलटी लावलीत?"

त्या सकाळी, बंद पडलेल्या मनोरुग्णालयाचा पहारेकरी धापा टाकत आला. "आत भिंतीवर कुणीतरी रोज नवं लिहून जातं. अकराला साहेब पाहणीला येणार. आत माणूस शिरतो हे कळलं, तर माझी नोकरी गेली. घरी चार तोंडं आहेत हो!"

"तोंडं नंतर. आधी पुरावे," भावोजी म्हणाले.

आत गंजलेल्या खाटा, गजांच्या खिडक्या, पोपडे धरलेल्या भिंती. शेवटच्या दालनात ताज्या खडूनं लिहिलं होतं:

*सहा बुडवले. चार पिळले. तीन उलटे टांगले. एक पळाला, कुंपणावर सापडला. एकाचा रंग गेला.*

भावोजींचाही गेला. पण ते सावरले. "क्रियापदं पाहा! पुल्लिंगी, अनेकवचनी. म्हणजे सहाही पुरुष. मी व्याकरणावरून गुन्हेगार पकडतो."

शाळेत व्याकरणानं त्यांना दोनदा पकडून त्याच वर्गात बसवलं होतं.

"खुनी इथलाच जुना डॉक्टर. रोग्यांना बुडवायचा, मग माहिती पिळून काढायचा."

"वेड्यांकडून कसली माहिती?"

"तेच तर रहस्य!"

इतक्यात त्यांच्या मानेवर थेंब पडला. "रक्त!"

"रक्ताला साबणाचा वास येतोय, भावोजी."

"पुरावा धुतलाय! केवढा निर्ढावलेला!"

मी म्हटलं, जरा वर बघा. "पावलांचे ठसे कधी छतावर असतात का?" असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात मागच्या पडक्या भिंतीतून बादली घेऊन मागल्या गल्लीतली परटीण आली.

"वहिनी, तुम्ही?" पहारेकरी किंचाळला.

"मग? तुम्ही फाटकावर डुलक्या घेता, कशाला उठवायचं? इथं वारा छान, दोरीला गज आयते. सदरे निळीत बुडवते, पिळते, टांगते. गिऱ्हाइकं भांडतात, म्हणून लिहून ठेवते." मग तिनं भावोजींना न्याहाळलं. "रंग गेलेला जांभळा तुमचाच. वेषांतराचा."

अकराला दहा मिनिटं होती. पहारेकऱ्यानं टोपीनं भिंत पुसली, भगदाडाला खाट लावली. परटिणीनं गाठोडं बांधून भावोजींच्या डोक्यावर ठेवलं. "बघता काय? उचला. त्यात तुमचाही आहे."

आम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकतोय, तोच साहेब आले.

"हा कोण?"

पहारेकऱ्यानं खडूनं पांढरी झालेली टोपी पाठीमागे लपवली. "परीट, साहेब. रस्त्यानं चाललाय."

साहेबांनी भावोजींकडे नीट, खालीवर पाहिलं.

"परवा माझेही चार सदरे घेऊन जा रे," म्हणाले, आणि पाहणीला आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर येऊन पहारेकऱ्याच्या वहीत लिहिलं: आत कोणी नाही.

मीही माझ्या वहीत लिहिलं: वेषांतर दहावं. यशस्वी.