स्क्रू न फिरवलेला बास

कोणतीही जुनी वस्तू अस्सल आहे की नाही, हे त्या वस्तूला स्वतःला कधीच ठाऊक नसतं. त्यासाठी मंडळ लागतं, मंडळाला चिटणीस लागतो आणि चिटणिसाला शिक्का लागतो. ईशान्य ओहायो जुने बास परीक्षण मंडळाचा शिक्का गेली सोळा वर्षं माझ्या खिशात आहे. (हा शिक्का तसा नवा आहे. जुना हरवला. नव्यावर जुन्यासारखे ओरखडे काढून घेतले आहेत.)

बास म्हणजे चार जाड तारांची, विजेवर चालणारी गिटार. बँडमध्ये ती वाजवणारा मागे उभा असतो, आणि तो थांबला की मग लोकांना कळतं की इतका वेळ कोणीतरी होतं. साठ-पासष्ट सालच्या बासला हल्ली नव्याकोऱ्या मोटारीची किंमत येते. साहजिकच ज्यांना वाजवता येतो त्यांना तो परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो ते दातांचे डॉक्टर असतात. आमच्या अकरा सभासदांत सात दंतवैद्य आणि तीन वकील आहेत. अकरावा मी. मी पोस्टात होतो. शिक्का मारायचा हात बसलेला आहे म्हणून मला घेतलं.

विकत घेण्याआधी बास तपासायची आमची पद्धत शास्त्रोक्त आहे. दांडी अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. ती सोडवली की तिच्या बुडाशी कारखान्यातल्या कोणीतरी पेन्सिलने तारीख घातलेली सापडते. आवाजाच्या बटणांच्या पोटावर साल आणि आठवडा यांचे आकडे असतात. आतल्या वायरी जोडणारा डाख मूळचा असेल तर मळकट दिसतो. जांभळ्या दिव्याखाली जुनं रोगण हिरवट होतं. शेवटी बास ठेवायच्या पेटीचा वास घेतात. (वास घेणारे दोन सभासद वेगळे नेमले आहेत. त्यांना सर्दीची रजा मिळते.)

सगळ्यात वरचा दर्जा मात्र ‘अस्पर्शित’ बासचा. कारखान्यातून निघाल्यापासून ज्याचा एकही स्क्रू फिरलेला नाही, तो अस्पर्शित. आता एखादा बास अस्पर्शित आहे की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडला की तो अस्पर्शित राहत नाही. या पेचाने मंडळाची दोन वर्षं खाल्ली. अखेर ठराव झाला की अस्पर्शित बास न उघडता प्रमाणित करावा. तेव्हापासून आम्ही प्रमाणित केलेला एकही अस्पर्शित बास खोटा निघालेला नाही. यश शंभर टक्के.

आमच्या अंदाजाने १९६३ साली फिकट निळ्या रंगाचे चाळीसेक बास बनले असावेत. त्यांपैकी एकसष्ट मंडळाने आजवर प्रमाणित केले आहेत. त्या काळी माल किती टिकाऊ बनवत, याचा हा पुरावा समजावा.

आणि कलम सात. बास वाजवून पाहू नये. वाजवल्याने वस्तू झिजते आणि ऐकणाऱ्याचं मन कलुषित होतं.

ही सगळी तयारी असताना गेल्या ऑक्टोबरात जे घडलं ते कसं घडलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तरी नोंद करतो.

अ‍ॅक्रनबाहेरच्या जत्रेच्या मैदानावर आमचं वार्षिक प्रदर्शन होतं. ऑगस्टमध्ये याच शेडमध्ये गाईंना बक्षिसं देतात. (गाईचं निदान दूध काढून बघतात, असं तिथला रखवालदार मला दरवर्षी सांगतो.) गस टिलरी या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने फिकट निळा, अस्पर्शित, १९६३ सालचा बास आणला होता. घेणार होते आमचे अध्यक्ष डॉ. ऑरिन मेह्यू. किंमत एकोणीस हजार डॉलर. डॉक्टरांनी दात बघायचा छोटा आरसा घेऊन तीन तास तपासणी केली आणि मी अहवाल लिहिला. त्यातले मुख्य मुद्दे असे: तारा कारखान्यात बसवलेल्या, मूळच्या. दांडीच्या वरच्या टोकाला तीन इंच लांब जळका डाग, तो लांब जातीच्या सिगारेटचा, अंदाजे १९६६. मागची झीज पुरुषाच्या पट्ट्याच्या बक्कलाने झालेली. मालक एकच, उंच, डावीकडे झुकणारा, विवाहित. मी शिक्का उचलला, तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला.

“सिगारेट नाही ती.”

व्हर्लीन हॅचर गुड शेफर्ड चर्चमध्ये बास वाजवतात. वय शहात्तर. डोक्यावर चर्चला घालायची टोपी, हातात चामड्याची मोठी पर्स. उंची जेमतेम पाच फूट.

“बाई, या डागाचा अभ्यास झालेला आहे,” डॉक्टर म्हणाले.

“होऊ दे की. केस कुरळे करायचा चिमटा आहे तो. रविवारी सकाळी घाई असायची, मी चिमटा तिथे टेकवला आणि विसरले. आणि तारा कारखान्याच्या नव्हेत. एकाहत्तर साली मीच बसवल्यात.”

वास घेणाऱ्यांपैकी एकाने पेटी बंद केली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सोळाव्या वर्षी, भावाबरोबर लोकांच्या अंगणातलं गवत कापून, त्यांनी हा बास नवा घेतला. अठरा वर्षं वाजवला. ब्याऐंशी साली टायरचा कारखाना बंद पडला, नवऱ्याची नोकरी गेली, आणि त्याच जानेवारीत घर गरम ठेवणारा हीटर मोडला. बास विकून हीटर आणला. तेव्हापासून चर्चच्या मालकीच्या बासवर भागवत होत्या. आज पर्समध्ये बावीसशे डॉलर होते, आणि माझा असला तर तो मला परत न्यायचा आहे, असं त्या म्हणाल्या.

“असे निळे एकसष्ट आहेत, बाई,” टिलरी म्हणाला. “सगळ्यांच्याच आठवणी असतात.”

“मला तासभर वाजवायला दे. लगेच सांगते माझा आहे का.”

मी कलम सात वाचून दाखवलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग तारांखालचं ते प्लॅस्टिकचं झाकण काढा. खाली मी काय लिहिलंय ते आधी सांगते. निघालं नाही तर मी घरी जाते आणि तुमची माफी मागते.”

अस्पर्शित बासचं झाकण काढणं म्हणजे तेरा स्क्रू. टिलरीचा चेहरा पडला. “डॉक्टर, कशाला नादी लागता? अहवाल झालाय, शिक्का मारा, घेऊन जा.”

पण डॉक्टर मेह्यू यांनी चाळीस वर्षं लोकांना ‘तोंड उघडा’ सांगितलेलं होतं. उलट कोणी त्यांना काही उघडायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते इरेला पेटले. “मंडळ चुकत नाही. उघडतो. म्हणजे हा विषय एकदाचा संपेल.”

“उघडल्यावर घ्यावा लागेल हं,” टिलरी म्हणाला.

“बाई खोट्या ठरल्या तर एकोणीस हजार रोख.”

पहिला स्क्रू पाव फेरा फिरला तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. त्या क्षणी बास अस्पर्शित राहिला नाही. दोन वकिलांनी टोप्या काढल्या. व्हर्लीनबाई तेवढ्यात माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लिहून घे, पोरा. रॉस्को, हा माझा आहे. हात लावलास तर आईला सांगेन. खाली माझं नाव.” मी लिहून घेतलं. (पोरा म्हणजे मी. वय अठ्ठावन्न.)

तेरावा स्क्रू निघाला. झाकणाखाली, उन्हाने न विटलेल्या, किंचित गडद निळ्या रंगावर, शाळेतल्या मुलीच्या गोल अक्षरात तेच होतं. रॉस्को, हा माझा आहे. हात लावलास तर आईला सांगेन. व्हर्लीन.

“कोण रॉस्को?” डॉक्टरांनी विचारलं.

“धाकटा भाऊ. मी शाळेत गेले की चोरून वाजवायचा. माझ्यापेक्षा चांगला. मेला तो. नऊ वर्षं झाली.”

मंडळाची तातडीची बैठक अ‍ॅपल पाय खाता खाता भरली. समोरचं चित्र गंभीर होतं. अहवालात तारा मूळच्या होत्या, प्रत्यक्षात नव्हत्या. अहवालात सिगारेट होती, प्रत्यक्षात चिमटा. अहवालातला मालक उंच आणि पुरुष होता, प्रत्यक्षातली मालकीण समोर उभी राहून आमची कॉफी पीत होती. अहवाल आणि बास यांपैकी एकच अस्सल असू शकत होता. अहवालावर सात दंतवैद्यांच्या सह्या होत्या. बासवर फक्त एका मुलीची होती, तीही पेन्सिलने. दहा विरुद्ध शून्य मतांनी बास बनावट ठरला. (चिटणिसाला मत नसतं.)

बनावट बासला शिक्का मिळत नाही, आणि शिक्क्याशिवाय तो आमच्या प्रदर्शनात कोणी विकत घेत नाही. टिलरीने बासवरची किमतीची चिठ्ठी काढून खिशात घातली.

“चारशे द्या आणि न्या हे एकदाचं,” तो म्हणाला.

“बनावट आहे ना?” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “साडेतीनशे.”

व्यवहार झाला. मंडळ जेवायला गेलं. जाताना डॉक्टरांनी बाईंना समजावलं, “फसू नका बरं का पुन्हा. पुढच्या वेळी आधी आमच्याकडे आणा.” त्यांच्या स्वरात कणव होती, आणि ती अगदी अस्सल होती.

पावती लिहायला मी मागे राहिलो. व्हर्लीनबाईंनी तेरापैकी चारच स्क्रू परत लावले, गाई बांधायच्या कठड्यावर बसल्या, रखवालदाराच्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडली आणि वाजवलं. साधारण वीस मिनिटं. मी शेडबाहेर जायला हवं होतं, गेलो नाही. मला रडू आलं, हे इथे कबूल करतो. कलम सातप्रमाणे ते पुराव्यात धरता येत नाही.

आता राहिलात तुम्ही. पेन्सिलची तारीख, डाख, डाग, तेरा स्क्रू, एकोणीस हजारांचे साडेतीनशे, सगळं तुम्ही मन लावून वाचलंत. झाकणाखाली काय निघतं याची तर तुम्हाला भलतीच उत्सुकता होती. आणि तो बास वाजतो कसा, हे इथपर्यंत एकदाही तुमच्या मनात आलं नाही. मंडळात बारावी जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही, तुमच्या नावावर मी शिक्का मारून ठेवला आहे.