लेबल नसलेलं बटण

आमच्या वडनेर भोलजीत इंगळे सर रोज सकाळी डोळ्यांवर दुपट्टा बांधून ओट्यावर बसतात आणि मोबाइलशी भांडतात. नवख्याला वाटतं, काहीतरी साधना चालू आहे. गावाला ठाऊक आहे की सर कॉलेजचं ॲप तपासत आहेत.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक, मी त्यांचा शेजारी. त्यांच्या पत्नीची, शोभावहिनींची, नजर काचबिंदूने गेली. अर्धवट राहिलेलं बी.ए. पूर्ण करायचं त्यांच्या फार मनात होतं, म्हणून घरबसल्या ऑनलाइन प्रवेश घेतला. बोट फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो, पण त्यासाठी ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव द्यावं लागतं. कॉलेजचं ॲप बनवणाऱ्या कंपनीने ते कष्ट घेतलेले नाहीत. बोट कुठल्याही बटणावर ठेवा, फोनमधली बाई थंडपणे म्हणते, "लेबल नसलेलं बटण."

सरांची ती शिवीच झाली. एस.टी. न थांबवणारा ड्रायव्हर असो की फोन न उचलणारा जावई, "हा माणूस म्हंजे लेबल नसलेलं बटन हाय." दिव्यांगांसाठीच्या सुगम्यतेचे नियम त्यांना तोंडपाठ. लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात, "चित्राले वर्णन पाह्यजे. व्हिडिओखाली अक्षरं पाह्यजेत. हा उपकार नाही, नियम हाय." शेजारचा माणूस वांग्याच्या भाजीकडे बघत मान डोलावतो. पुढच्या लग्नात तो दुसऱ्या टोकाला बसतो.

एकदा हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, "सर, मॅडमना हिरवं बटण दाबायला सांगा."

"पोरी, तिले दिसत नाही."

"मग डावीकडचं निळं सांगा."

काही दिवसांनी तक्रार सोडवल्याचा मेसेज आला. ॲपवर 'सर्वांसाठी सुगम' असा बिल्ला झळकला. सरांनी दुपट्टा बांधून त्यावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "चित्र." मी पोट धरून हसलो. सर हसले नाहीत.

परीक्षाही त्याच ॲपवर. वहिनींनी वर्षभर धडे ऐकून तयारी केली होती. मी तिथेच होतो. फोनने प्रश्न वाचले, वहिनींनी बोलून उत्तरं भरली. एकही सोडलं नाही. मग पेपर जमा करायचं बटण, त्यालाही नाव नसल्याने, काही केल्या सापडेना. त्यांचं बोट पडद्यावर नुसतं भिरभिरत होतं. सर शेजारीच, डोळे उघडे, बटण समोर. मी म्हटलं, "सर, दाबा ना आता." ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. वेळ संपली. निकालात वहिनी गैरहजर.

गावाने त्यांना वेड्यात काढलं. मला तर इतका संताप आला की मी बोलणंच टाकलं. शेवटी राहवेना, ओट्यावर गाठून विचारलं, "एक बोट लावलं असतं तं काय बिघडलं असतं?"

सरांनी आत कानोसा घेतला. मग हळूच म्हणाले, "अकोल्याच्या डॉक्टरनं माह्या हार्टचं काही खरं नाही म्हणून सांगितलं. तिले माहीत नाही. आज मी दाबीन हो. मी गेल्यावर कोण दाबीन?"

कंपनी सुधारेल, असं काहीतरी मी बोलणार होतो.

तेवढ्यात आतून वहिनींनी विचारलं, "अहो, पुढल्या वर्षी पुन्हा पेपर देता येईन का?"

"येईन ना," सर म्हणाले. "आपल्याले कोणती घाई हाय."