मूल हाताळण्याचा अकरा महिन्यांचा अनुभव

अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती लहान मूल देऊ नये, हे तत्त्व आता सर्वांना मान्य आहे. (आई होण्याला ते अजून लागू झालेलं नाही, होईल.)

मी सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षं रंगाचे नमुने तपासत होते. वेदिका झाली, शिफ्ट जमेना, नोकरी सुटली. ती तीन वर्षांची झाल्यावर मी बालवाडीत शिक्षिका व्हायचं ठरवलं. इंदिरानगरातल्या एका प्री-स्कूलच्या मोहिनीमॅडमनी अर्ज वाचून अनुभव विचारला. म्हटलं, घरी मुलगी आहे.

"घरचा अनुभव धरत नाहीत."

मला पटलं. घरच्या अनुभवावर शिक्का कोण मारणार?

तोडगाही त्यांनीच काढला. अकरा महिने 'प्रशिक्षणार्थी ताई' म्हणून विनावेतन यायचं, मग मुलाखत. पुढच्या जूनला एकच जागा भरायची होती आणि ती मला हवीच होती. आणखी एक वर्ष घरी बसले असते, तर कायमचीच बसले असते. (हे सासूबाईंचं मत. त्यांना माझं घरी बसणं आवडलेलं होतं.) राहता राहिली वेदिका. तिला त्याच शाळेच्या पाळणाघरात, मागच्या खोलीत ठेवलं. शाळेच्या वेळेत स्वतःच्या मुलाजवळ जायचं नाही, असा नियम होता. त्याने अनुभवात भेसळ होते. थोडक्यात, लोकांची मुलं सांभाळायला शिकावं म्हणून मी माझं मूल लोकांकडे सांभाळायला दिलं.

तिला सुलाबाई सांभाळत. त्या तिथे एकोणीस वर्षं होत्या, पण त्यांना अनुभव नव्हता. नुसती सवय होती. (दप्तरी त्यांची नोंद 'स्वच्छता' या सदरात आहे.)

प्रशिक्षणार्थी ताईचं काम म्हणजे दर अर्ध्या तासाला पालकांच्या ग्रुपवर फोटो. माझा एकूण अनुभव असा: फोटो सहा हजार दोनशे, पैकी हसरे सहा हजार एकशे नव्वद, पाठ झालेली बडबडगीतं चार, उचलून घेतलेली मुलं शून्य, कारण फोन धरलेल्या हाताने मूल उचलता येत नाही. दिंडोरीला द्राक्षबागेत सहल नेली, तेव्हा मुलांना द्राक्षं खायला बंदी होती. तोंड भरलेलं असलं की हसू नीट येत नाही.

हळूहळू नजर तयार झाली. मूल धडपडलं की उजेड कुठल्या बाजूने आहे, ते मला आधी दिसू लागलं.

मे महिन्यात मुलाखत झाली. प्रश्न नव्हते, प्रात्यक्षिक होतं: रडतं मूल हाताळून दाखवणे. शाळेला सुट्टी, म्हणून पाळणाघरातून एक मूल मागवलं. सुलाबाई जे घेऊन आल्या ती वेदिका होती. समोर टेबलामागे तीन अनोळखी माणसं, आणि जवळ न येणारी आई. दोन्ही हात वर करून तिने भोकाड पसरलं.

माझा हात आपोआप फोनकडे गेला.

"वेदिका, इकडे बघ. दात दाखव बरं."

"आवो ताई, उचला ना तिला," सुलाबाई दारातून म्हणाल्या. फोटो नीट आलाय का हे मी बघेपर्यंत त्यांनीच उचललं. पोर त्यांच्या मानेत तोंड खुपसून गप्प झालं.

प्रात्यक्षिकात अडथळा आणल्याबद्दल सुलाबाईंना समज देण्यात आली. मला नेमणूकपत्र मिळालं. त्यावर शेरा होता: 'भावनिक प्रसंगातही हात स्थिर.'

घरी निघताना वेदिका सुलाबाईंचा पदर सोडेना. मी तिला नेमणूकपत्र दाखवलं. तिला अजून वाचता येत नाही.

तो फोटो संध्याकाळी ग्रुपवर गेला. खाली ओळ होती, 'आजचा उपक्रम: भावना ओळखू या'. सदतीस पालकांनी अंगठा दिला, अकरा जणांनी बदाम. मूल का रडतंय, हे कुणी विचारलं नाही.

तुमचाही अंगठा पोचला. आभारी आहे. जूनपासून तुमचं मूल माझ्या वर्गात आहे.